कंसातलं गाव

सात रस्त्यापासून चालत दोन मिनिटांवर, चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर ‘गुरु कॉम्प्युटर्स’ आहे. पाटीवर चार मॉनिटर रंगवलेले आहेत. आत दोन असतात, त्यांतला एक चालू असतो आणि त्याच्यासमोर गुरु सर असतात.

सरांना माउस आवडत नाही. आपल्याला लिफ्टने पहिल्या मजल्यावर जाणाऱ्या धडधाकट माणसाबद्दल जे वाटतं, ते त्यांना माउस हलवणाऱ्या कोणाही माणसाबद्दल वाटतं. त्यांची सगळी विद्या एका काळ्या खिडकीत आहे. तिथे पांढऱ्या अक्षरांत हुकूम टंकायचा आणि मशीनने तो पाळायचा. असे हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले की त्याला बॅच फाइल म्हणतात. ती चालवली की मशीन वरून खाली वाचत जातं, सांगितलेलं करत जातं आणि कुणाला काही विचारत नाही. हा गुण सरांना फार भावतो. बॅच फाइल चालू करायला तिच्यावर दोनदा टिचकी मारावी लागते आणि ती सरसुद्धा माउसनेच मारतात. हा विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

या मशीनची एक जुनी खोड आहे. काही चिन्हं त्याच्या लेखी कामाची आहेत: &, %, कंस. ती एखाद्याच्या नावात आली तरी मशीन ती नावातली म्हणून वाचत नाही, हुकूम म्हणून वाचतं. त्यावर इलाजही जुनाच आहे. नावाच्या अलीकडे आणि पलीकडे अवतरण चिन्हं लावली की मशीन आतल्या बहुतेक चिन्हांच्या वाटेला जात नाही. दोन किल्ल्या दाबायचं काम. पण सरांना ते कमीपणाचं वाटे. क्लासला येणाऱ्यांना ते सांगत, “कोट्स लावायला आपण काय नाटक लिहितोय का? लॉजिक स्वच्छ पाहिजे. लॉजिक स्वच्छ असलं की कोट्स लागत न्हाईत.”

चादरींचे एक व्यापारी होते, संगप्पा. त्यांच्या फोल्डरचं नाव ‘Sangappa & Sons’. सरांची फाइल ‘Sangappa’पर्यंत नीट जायची, & दिसला की तिथे पहिलं काम संपलं असं समजायची आणि ‘Sons’ नावाचा कुठला प्रोग्रॅम मिळतो का ते शोधायला लागायची. मिळायचा नाही. महिनाभर विचार करून सरांनी संगप्पांना दुकानाचं नाव बदलायचा सल्ला दिला. संगप्पांनी सर बदलले.

एवढी ओळख पुरे. आता मंडळाकडे येतो.

शहरात एका समाजाचं वधूवर सूचक मंडळ आहे. समाजाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे समाज म्हणतील की आमच्याकडे असं होत नाही, आणि त्यांच्याकडेही असंच होतं. मंडळ दरवर्षी मेळावा घेतं आणि मेळाव्याआधी एक सूची छापतं. एका पानावर एक उमेदवार. फोटो, उंची, शिक्षण, शेती, मामाचं कूळ, अपेक्षा. अपेक्षांच्या रकान्यात मुलगे ‘अनुरूप’ लिहितात आणि मुली ‘पुणे’ लिहितात.

ही पानं उत्कर्षा तयार करते. वय एकोणतीस, बी.कॉम., दोन वर्षांपासून मंडळात. ती त्या समाजातली नाही, आणि म्हणूनच तिला ठेवली आहे. समाजातली ठेवली तर ती पहिलं आपल्या मामेभावाचं पान पुढे घेईल, असं समितीचं समाजाबद्दलचं मत आहे. कागदी फॉर्म बघून टंकायचं, फोटो डकवायचा आणि उमेदवाराच्या नावाने फाइल जतन करायची. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, कारण काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन दिसतात. यावर सरांचं म्हणणं असं, “मराठी ही डिस्प्लेची भाषा हाय, सिस्टिमची न्हाय.”

आमच्या भागात माणसाचं नाव कंस बंद झाल्याशिवाय पुरं होत नाही. लग्नपत्रिका घ्या, निधनवार्ता घ्या, वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. एकाच नावाची, एकाच आडनावाची चार-चार माणसं, त्यामुळे पुढे कंसात गाव: (मंद्रूप), (जेऊर). शहरात येऊन वीसेक वर्षं झाली की माणूस हळूच कंस गाळतो. आधी दारावरच्या पाटीवरून, मग पत्रिकेवरून. कंस गळला की तो सोलापूरचा झाला.

सूचीत या कंसाला आणखी एक उपयोग आहे. मुलीचा बाप पान उघडतो, कंस बघतो आणि पान उलटतो. विहीर, ठिबक, ट्रॅक्टर, कृषी पदवी हे सगळं कंसाच्या खाली छापलेलं असतं, आणि तितक्या खाली कोणी उतरत नाही.

गुरु सर मंडळाचे ‘तांत्रिक सल्लागार’. त्यांनी सूचीसाठी एक बॅच फाइल दिली होती. काम साधं होतं. प्रत्येक पानाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर पाठवायची. नक्कल पोचली असेल तर, आणि तरच, कंसात लिहिलेलं काम करायचं: मशीनवरचं मूळ पान पुसून जागा मोकळी करायची. सात वर्षं ती फाइल बिनबोभाट चालली, कारण तिच्या ओळी सरांनी कुठून तरी जशाच्या तशा उतरवून घेतल्या होत्या, अवतरण चिन्हांसकट.

यंदा अध्यक्षांनी सुधारणा सुचवली. अध्यक्ष हरिदासराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. काम होण्यापेक्षा ते होताना दिसणं महत्त्वाचं, हे ते खात्यात शिकले होते.

“सर, तुम्ही नुसतं दाबता आणि झालं म्हणता,” ते म्हणाले. “समितीला काहीतरी दिसलं पाहिजे की. यंदा तुमचा सत्कार ठेवलाय. लोक विचारतील, कशाबद्दल?”

सत्कार हा शब्द ऐकल्यावर सरांनी त्याच बैठकीत फाइल उघडली आणि त्या ‘असेल तर’वाल्या कंसाच्या आत, पुसायच्या ओळीच्या वर, दोन नव्या ओळी घातल्या: पडद्यावर ‘Pochla’ लिहून पुढे उमेदवाराचं नाव दाखव, मग ‘Jhala’ लिहून पुन्हा तेच नाव दाखव. कामाला या ओळींची काही गरज नव्हती. सरांनी स्वतः लिहिलेल्या ओळी एवढ्याच होत्या आणि त्यांना अवतरण चिन्हं नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी समिती जमली. पोहे झाले, चहा झाला. हरिदासरावांनी नातीच्या नाचाचे फोटो दाखवायला आपला पेनड्राइव्ह आधीच मशीनला लावून ठेवला होता. बाहेरून लावलेल्या प्रत्येक वस्तूला मशीन ओळखीसाठी एक अक्षर देतं. त्यामुळे दरवर्षी डिस्कला मिळणारं अक्षर पेनड्राइव्हला मिळालं. नकला पेनड्राइव्हकडे निघाल्या, तिथे जागा नव्हती, आणि एकही नक्कल कुठेच पोचली नाही. मशीनने तशी तक्रार केली असती. पण लोकांसमोर एरर बरी दिसत नाही म्हणून सरांनी तक्रारी न दाखवण्याची सोय फाइलीत पहिल्यापासून करून ठेवली होती.

सरांनी टिचकी मारली. काळी खिडकी उघडली आणि पांढरी नावं सरासरा वर सरकू लागली. समिती पुढे वाकली.

“आयला, लई गावाकडची मंडळी झाली की यंदा,” एक सभासद कौतुकाने म्हणाले.

खरंच तसं दिसत होतं. मंद्रूप, जेऊर, पुन्हा मंद्रूप. शहरातलं एकही नाव पडद्यावर आलं नाही. हे समितीतल्या कोणाला विचित्र वाटलं नाही, कारण समितीतला प्रत्येक जण आपल्या भाच्याचं नाव शोधत होता.

उत्कर्षा मागे बशा गोळा करत उभी होती. “सर,” ती म्हणाली, “कंस बंद होत नाहीये.”

“काय?”

“बघा ना. ‘Abhimanyu Dhondiram’, पुढे कंस, Mandrup, आणि संपलं. मी टाइप करताना प्रत्येक कंस बंद केलाय.”

“स्क्रीन बारीक हाय. कापलं जातंय.”

“एवढी मोकळी जागा आहे की उजवीकडे.”

“मॅडम,” सर समितीकडे बघत हसले, “तुमी फोटो डकवा. हे लॉजिकचं हाय.”

समिती हसली. नावं संपली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी मंद्रूपहून धोंडीराम आले. दरवर्षी ते छपाईआधी पोराचं पान डोळ्यांनी बघून जातात, कारण एका वर्षी त्यांचा मोबाइल नंबर एका अंकाने चुकला होता आणि मेळावाभर सगळे फोन एका पंक्चरवाल्याला गेले होते. तीन फोन आले होते असं पंक्चरवाला सांगतो. धोंडीरामांच्या मते त्यातलाच एक जमणार होता. अभिमन्यू पस्तिशीला टेकला आहे. ही सूचीतली त्याची पाचवी खेप.

“बाई, आमचं पान दावा की.”

उत्कर्षाने शोधलं. नव्हतं. डिस्क लावून बघितली, तीही रिकामी. मग तिने पानं मोजली. चारशे बारा टंकली होती, दोनशे पंचवीस उरली होती. एकशे सत्त्याऐंशी पानं गेली होती, आणि काळ्या खिडकीतून पुसलेली फाइल कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही.

अर्ध्या तासात हरिदासराव आणि गुरु सर आले. सरांनी खुर्चीवर बसून पाच मिनिटं दोनशे पंचवीस पानांकडे बघितलं आणि निदान केलं.

“हात लागलाय.”

“कुणाचा?” उत्कर्षाने विचारलं.

“मशीनला तुमीच बसता न्हवं? माझं प्रोग्रॅम सात वर्षं चाललंय. सगळी कशी जातील? शिवराजचं पान हाय की हितं.” शिवराज सरांचा मुलगा, पुण्यात नोकरीला, सूचीत दुसऱ्यांदा. त्याचं पान शाबूत होतं, आणि सरांच्या मते फाइल निर्दोष असल्याचा याहून मोठा पुरावा जगात नव्हता.

हरिदासरावांनी चष्मा काढून पुसला. “हे बघ पोरी, शुक्रवारी छपाईला जायचंय. कागदी फॉर्म कपाटात आहेत, ते पुन्हा टाइप कर. मेळावा झाला की मात्र आपण दुसरी व्यवस्था बघू. समाजाचा विश्वास असतो. तू बाहेरची, तुला काय त्याचं.”

दोन वर्षं तिचा जो गुण होता तो एका वाक्यात अवगुण झाला. तिच्या घरी महिन्याच्या महिन्याला येणारा पगार एवढाच, आणि हा डाग लागला तर सात रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्या ऑफिसात ती काय सांगणार होती, याचा विचार तिथे एकटी तीच करत होती.

ती रडली नाही. फॉर्मचे गठ्ठे काढले आणि पहिला अभिमन्यूचा टंकला, कारण धोंडीराम बाकावरून हलायला तयार नव्हते. मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने दोन याद्या केल्या, गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची. गेलेल्या एकशे सत्त्याऐंशींमध्ये एकही नाव बिनकंसाचं नव्हतं. राहिलेल्या दोनशे पंचवीसमध्ये एकही कंस नव्हता. मुलींचे बाप दहा वर्षं जे काम एक-एक पान उलटून करत होते, ते मशीनने दोन मिनिटांत उरकलं होतं.

मग तिने सरांची फाइल उघडली. ही गोष्ट सात वर्षांत दुसऱ्या कोणी केली नव्हती. विद्या फार असेल असं वाटून लोक लांब राहिले होते. विद्या वीसेक ओळींची होती. बाकी प्रत्येक ओळीत नावाला अवतरण चिन्हं होती, रविवारच्या आदल्या बैठकीत घातलेल्या दोन ओळींत नव्हती. आणि तिला पडद्यावरचा तो न मिटलेला कंस आठवला.

‘Pochla’च्या ओळीत उमेदवाराच्या गावाचा कंस जिथे मिटत होता, तिथेच मशीन ‘असेल तर’चा कंस मिटला असं समजत होतं, त्यामुळे ‘Jhala’ची ओळ अटीबाहेर पडून दिसत होती. तिच्यातला गावाचा कंसही ते सगळ्या कामाभोवतीच्या बाहेरच्या कंसासाठी घेत होतं, म्हणून तो पडद्यावर येत नव्हता. तिच्या पुढची पुसायची ओळही आता अटीबाहेर पडली होती. नक्कल पोचो न पोचो, पूस. बिनकंसाच्या शहरी माणसांची अट मात्र जागेवर होती. नक्कल पोचली नाही, म्हणून त्यांची नावं दिसलीही नाहीत आणि पुसलीही गेली नाहीत.

चार वाजता हरिदासराव गठ्ठे बघायला आले. सर बरोबर होतेच. शालीचा रंग कोणता, हे बोलणं चाललं होतं.

“काका, दोन मिनिटं बसता का?” उत्कर्षा म्हणाली. “डिस्क मी काढून ठेवलीय, म्हणजे रविवारसारखीच नक्कल कुठे पोचणार नाही. सर, तुमच्या फाइलीत मी काही बदललेलं नाही, तुम्ही बघून घ्या. आता एकाच पानावर चालवते. शिवराज.”

चालवली. खिडकी उघडून मिटली. शिवराज जागेवर होता.

“मग?” सर म्हणाले. “तेच सांगतोय सकाळपासून.”

“आता त्यांच्या नावापुढे गाव घालते. सर, तुमचं गाव कुठलं?”

“सोलापूर.”

“मूळ गाव, सर.”

“सोलापूरच म्हणायचं. तीस वर्षं झाली.”

बाकावरून धोंडीराम उठले. “जेऊर न्हवं का तुमचं? माझी बहीण दिलीया तितं. स्टेशनामागची आळी. तुमचे वडील रुळावर कामाला व्हते की. लई सज्जन माणूस.”

सरांचा चेहरा पडला. ज्या माणसाच्या वडिलांना चारचौघांत सज्जन म्हटलं, त्याचा चेहरा एवढा पडायचं खरं तर काही कारण नव्हतं.

“जेऊर घालायचं न्हाय,” ते म्हणाले. “पोराच्या लग्नाचा प्रश्न हाय.”

“अहो, चाचणी आहे,” हरिदासराव म्हणाले. “लॉजिक स्वच्छ आहे ना तुमचं?”

“हाय.”

“मग भिता कशाला? घाल गं.”

उत्कर्षाने फाइलीच्या नावापुढे कंस उघडला, Jeur लिहिलं, कंस बंद केला आणि सरांची बॅच फाइल चालवली. खिडकीत एक ओळ आली: ‘Jhala: Shivraj Gurunath (Jeur’. कंस मिटलेला नव्हता. तिने फोल्डर उघडून दाखवला. शिवराज गेला होता.

मग धोंडीराम म्हणाले, “सर, ह्योबी कापला जातुय व्हय, स्क्रीन बारीक म्हणून?” रविवारची गोष्ट उत्कर्षाने त्यांना दुपारी सांगितली असावी.

“कॉपी ठेवली व्हती ना?” सरांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

“नाही. तुम्हीच म्हणता ना, तुमची फाइल कॉपी करूनच पुसते.”

मग तिने त्या दोन ओळींत नावाच्या अलीकडे आणि पलीकडे अवतरण चिन्हं घातली. फोल्डरात आता अभिमन्यूचं नवं पान ठेवायचं होतं. धोंडीरामांनी तिचा हात धरला नाही इतकंच.

“बाई, परत नगं घालू माझ्या पोराला त्या काळ्यात. आत्ताच तर आलाय भायेर.”

“काका, आता नाही जाणार.”

“तुला कसं म्हाईत?”

“आता त्याचं गाव झाकलंय.”

तिने टिचकी मारली. खिडकी उघडली, मिटली. अभिमन्यू मंद्रूपसकट, कंसासकट जागेवर होता. धोंडीरामांनी पडद्यावर बोट टेकवून खात्री केली आणि खाली बसले.

हरिदासराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. खात्यात असताना कालवा फुटला की ते असंच करत असावेत. शेवटी म्हणाले, “म्हणजे तुझा हात नव्हता.”

“नाही.”

“बरं. मग ते दुसऱ्या व्यवस्थेचं राहू दे.” माफी हा शब्द त्यांच्या शब्दसंग्रहात असेल, पण त्या दिवशी हाताशी नव्हता. मग सरांकडे वळून, “सर, असं कसं झालं?”

सरांनी खोल श्वास घेतला. “व्हायरस,” ते म्हणाले.

चार दिवसांत उत्कर्षाने एकशे अठ्ठ्याऐंशी पानं टंकली. एक वाढलं होतं. फाइल आता नीट चालत होती, त्यामुळे ती चालवायला सरांना बोलावलं नाही.

सत्कार झाला. व्हायचाच होता, शाल आणली होती आणि फ्लेक्स लागला होता. मंडळाच्या संगणकीकरणाचे शिल्पकार म्हणून सरांना शाल, श्रीफळ आणि सिद्धेश्वरांची तसबीर मिळाली. भाषणात त्यांनी सांगितलं की मशीनवर विश्वास ठेवू नका, माणसाने लक्ष ठेवलं पाहिजे. पहिल्या रांगेतून टाळ्या आल्या. उत्कर्षा तेव्हा दारात नोंदणीच्या टेबलावर बसून लोकांना बॅज देत होती.

सूची चांगली छापली गेली. त्यात शिवराजचं पान होतं. उत्कर्षाने ते कागदी फॉर्मवरून टंकलं होतं. त्या फॉर्ममध्ये ‘मूळ गाव’ असा एक रकाना असतो, आणि तो सरांच्या बायकोने खरा भरला होता. पहिल्या खेपेला सरांनी कंस गाळायला सांगितला होता, यंदा दुसऱ्यांदा टंकताना कोणी विचारलं नाही. एकशे सत्त्याऐंशी नावांना ज्या रकान्यातून कंस आला, त्याच रकान्यातून त्यालाही आला. शिवराज गुरुनाथ (जेऊर). नियम सगळ्यांना सारखा, असं ती म्हणाली.

मेळाव्यानंतर महिनाभरात अभिमन्यूला एक फोन आला, तोही शेत विकणार का असं विचारणारा. शिवराजला एकही आला नाही. पुण्यातली नोकरी, सदनिका, चारचाकी हे सगळं पानावर होतंच, पण कंसाच्या खाली.

सर हल्ली चष्म्याच्या दुकानासमोर कोणीही भेटलं तरी सांगतात, त्या कंसाने सगळा घात केला. बॅच फाइलींच्या संदर्भात त्यांनी आजवर केलेलं हे एकमेव बिनचूक विधान आहे. क्लासमध्ये मात्र ते अजूनही शिकवतात की लॉजिक स्वच्छ असलं की कोट्स लागत नाहीत.